नळीचं एक टोक

लाल फायबरची ही गाडी मी घेतली
शेळवणच्या रुझारियुकडून.
तो तारवटी. सुट्टीत जहाजावरून उतरायचा,
एक खोकं उघडायचा, चार बोल्ट कसायचा,
आणि पुन्हा समुद्रावर.
अकरा वर्षांत गाडी उभी राहिली, धावली नाही.
बॉनेटच्या आत त्यानं खडूनं लिहून ठेवलं होतं:
फाटलो चड खाता.

पुण्याच्या भाच्याला वाटलं, काहीतरी फाटलंय.
नाही रे. फाटलो म्हणजे मागचा.
दोन कार्बुरेटर आहेत तिला,
मागचा जास्त खातो.

कुडचड्याला, कायतान मेस्ताच्या गॅरेजमागे
नदीत रिकाम्या बार्जी.
एप्रिल. टेकडीवर काजूची भट्टी पेटलेली,
तो वास पेट्रोलच्या वासात घुसतो
आणि मेस्त वैतागतो:
या महिन्यात नाकावर भरवसा नाही ठेवता येत.

प्लग काढले. पुढचे दोन पांढुरके, उपाशी.
मागचे दोन काजळी धरलेले.
पोदेराच्या पावाची कड असते ना, म्हणाला, तो रंग हवा.
कार्बुरेटरच्या घुमटात पातळ तेल घालायचं होतं,
मी पर्समधून शिलाई मशीनचं काढून दिलं.
त्यानं दोघांमधला दांडा सैल केला,
ज्याला त्याला आपापल्या श्वासावर सोडलं
आणि हातभर रबरी नळी माझ्यापुढे धरली.
कानाला लाव.

मी?
त्यानं आधी डावा कान दाखवला, मग उजवा.
खाणीवरच्या टिपरांनी नेले, एकेक करून.
हात म्हजे, म्हणाला, कान तुजे.

एकोणतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
कुवेतचा श्वास आणि बहरीनचा श्वास
बोलण्याआधीच वेगळे कळायचे मला.
पैसे पोचल्यावरची शांतता,
आणि न पोचल्यावरची.

पुढच्याच्या तोंडाशी नळी नेली:
दाराच्या फटीतून यावा तसा वारा.
मागच्याच्या:
शिट्टीआधीचा कुकर.
पुढचा कमी, मी ओरडले.
पाव आटा.
अजून. थांब. मागे घे, मागे.
ओरडून घसा बसला तेव्हा बोटावर आले,
तर्जनी वर, तर्जनी खाली,
आणि तो माझ्या बोटाकडे बघत
स्क्रूकडे न बघता
फिरवत राहिला.

खालचे नटही फिरवले, केसाएवढे.
मग मागच्याची पिन हलकेच वर ढकलली.
इंजिन किंचित चढलं,
भानावर आलं,
पुन्हा आपल्या चालीला लागलं.
हे त्याला ऐकू आलं नाही.
पण मडगार्डवर तळवा टेकलेला होता त्याचा,
आणि तो हसला माझ्याआधी.

मग एकदा नळी पुढून मागे नेली
आणि काहीच बदललं नाही.
मागून पुढे आणली. काहीच नाही.

एक्स्चेंजमध्ये नियम होता:
जोडणी झाली की हेडफोन उतरवा.
मी उतरवायचे, पण जरा उशिरानं.
नोकरीभर कुणाला सांगितलं नाही हे.
कुणाचं तरी 'जेवलास का', कुणाचं तरी 'हो',
एवढं ऐकून मग.

आजही नळी लगेच काढली नाही.

मेस्तानं दांडा कसला, हात पुसले,
पैसे विचारले तर आभाळाकडे बघितलं.
फाल्यां वारें बदलतलें. परत हाड.
नळी? राहू दे तुझ्याकडेच.

खडूचं अक्षर मी पुसलं नाही.
खाली तारीख घातली,
आणि लिहिलं:
आयज ना.